झाकण म्हणतं, घरात कोणी नाही

मनुष्यप्राणी अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गोष्टींवर जगतो असं शाळेत शिकवतात. चौथी गोष्ट शिकवायची राहून जाते, ती म्हणजे तापमानाबद्दलची तक्रार. अन्न, वस्त्र, निवारा मिळाला की माणूस त्या निवाऱ्यात बसतो, ते वस्त्र अंगाभोवती ओढून घेतो आणि तोंडातलं अन्न गिळून म्हणतो, "खिडकी कुणी उघडी टाकली?"

आमच्या घरात ही तक्रार पूर्वी हाताने चालत असे. बाल्कनीत एक मोठी पेटी आहे, ती थंडीत घर गरम करते आणि उन्हाळ्यात गार. तिचा खटका हॉलच्या भिंतीवर होता आणि त्याच्या तीन जागा होत्या: बंद, चालू आणि जोरात. आई जाता-येता खटका 'जोरात'वर नेई, बाबा येता-जाता तो 'चालू'वर आणत, आणि दोघं खटक्यापाशी समोरासमोर आले की भिंतीला रंग द्यायला झालाय यावर बोलत. मी एक आठवडा मोजणी केली. दिवसाला सरासरी अकरा वेळा "कोणी वाढवलं?" आणि नऊ वेळा "कोणी कमी केलं?" असं विचारलं गेलं. (उरलेल्या दोन वेळा कोणी कमी केलं ते सगळ्यांना माहीत होतं.)

या मागासलेल्या अवस्थेतून दादाने आम्हाला बाहेर काढलं. दादा एका कंपनीत आहे. लोकांनी दिवसभर काय केलं हे त्या लोकांना संध्याकाळी कळवणं, हे त्याचं काम. त्याने खटका उपटून तिथे स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. पांढरा, गोल, बरणीच्या झाकणाएवढा. आत्याने त्याला पहिल्याच दिवशी 'झाकण' म्हटलं, आणि आमच्या घरात आत्याने ठेवलेलं नाव पुसलं जात नाही. (बाबा सत्तावन्न वर्षांचे आहेत. ते तिच्यासाठी अजून छोटू आहेत.)

झाकणाचे गुण वर्णावे तेवढे थोडे. ते आपल्या सवयी शिकतं. ते रुसत नाही, टोमणे मारत नाही, 'तुझ्या माहेरी कुठे होती अशी पेटी' असं म्हणत नाही. घरात कोण आहे हे ते प्रत्येकाच्या मोबाइलवरून ओळखतं, आणि मोबाइल नसला तर हालचालीवरून. वीस मिनिटं मोबाइल नाही आणि हालचालही नाही, की घर रिकामं आहे असा निष्कर्ष काढून ते पेटीला विश्रांती देतं आणि तसा निरोप सर्वांच्या फोनवर पाठवतं: 'घरात कोणी नाही.'

या व्यवस्थेत एकच त्रुटी निघाली. ती त्रुटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच असते. तिच्याकडे मोबाइल नाही. एक दिला होता, तो तिने परत केला, कारण त्यावर लोक फोन करत. ती दिवसभर शब्दकोडी सोडवते, आणि एका अडलेल्या शब्दासाठी ती चाळीस मिनिटं पापणीसुद्धा न हलवता बसू शकते. साडेनऊला आम्ही चौघं आपापल्या कामांवर जातो, आणि दहाच्या सुमारास झाकण घर रिकामं झाल्याचं जाहीर करतं. कडाक्याची थंडी होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा आत्या दोन स्वेटर, एक शाल आणि माझे पायमोजे घालून बसली होती. पायमोजे हातांत होते.

"छोटू, तुझं झाकण दहा वाजता झोपतं," ती म्हणाली.

बाबांनी फोन बघितला. "ताई, दहा वाजून चार मिनिटांनी घर रिकामं झालंय. इथे लिहिलंय."

"अरे, मी होते ना."

"अहवालात नाहीस."

"खुर्चीत होते."

"खुर्चीत असशील," बाबा म्हणाले, "पण हजर नव्हतीस."

इथे बाबांची बाजू समजून घेतली पाहिजे. बाबा गेली एकतीस वर्षं एका कचेरीत हजेरीपट सांभाळतात. मध्यंतरी एक कारकून त्यांच्या टेबलासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने "मी आलोय" असं म्हणाला होता. बाबांनी त्याला पुरावा आणायला परत पाठवलं. (तो गेला, तो पुन्हा आला नाही. त्यामुळे त्या दिवशीची गैरहजेरी बरोबर ठरली.) ज्या माणसाने हयातभर अशा झाकणाची वाट बघितली, त्याने झाकण मिळाल्यावर बहिणीचं ऐकावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तरीही बाबा भाऊ आहेत, आणि आम्ही निर्दय लोक नाही. उपाय योजले गेले.

पहिला उपाय असा की आत्याने उठून झाकण हाताने फिरवावं. तिने फिरवलं. झाकणाने आम्हा चौघांना तातडीचा निरोप पाठवला: 'अनोळखी व्यक्ती तापमान बदलत आहे.' आई भर वर्गात भागाकार अर्धवट टाकून घरी धावली. दारात तिला आत्या भेटली. "वन्सं, कोणी आलं होतं का हो?" आईने विचारलं. "नाही ना," आत्या म्हणाली, "मला तर वाटायला लागलंय, मीसुद्धा नाही."

जुना फोन खिशात ठेवायला आत्याने साफ नकार दिला. मी जिवंत आहे याचा दाखला मी खिशात घेऊन बसणार नाही, असं तिचं म्हणणं. मग दर पंधरा मिनिटांनी हात हलवायचं ठरलं. त्यासाठी गजराचं घड्याळ आणलं. आत्याने तीन दिवस निष्ठेने हात हलवला. चौथ्या दिवशी समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ उलट हात हलवू लागले, पाचव्या दिवशी त्यांनी केस विंचरले होते, आणि सहाव्या दिवशी आत्याने पडदा लावून घेतला.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने शिडी लावली, झाकणाकडे बघितलं, मग आत्याकडे बघितलं, मग पुन्हा झाकणाकडे.

"यात बिघाड नाही," तो म्हणाला. "हे गरम आणि हलणारी वस्तू शोधतं. मावशी हलत नाहीत."

"हलत नाही, पण गरम तर आहे ना?" दादाने विचारलं.

"गरम कुठली, गारठलेय मी," आत्या म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. तुम्ही गारठलात की याला आणखीच दिसेनाशा होणार. मग हे आणखी गार करणार."

"मग बाकीची गिऱ्हाइकं काय करतात?" आईने विचारलं.

दुरुस्तीवाल्याने शिडी मिटली. "बाकीची गिऱ्हाइकं हलतात."

यापुढचा शोध माझा आहे आणि त्याचं श्रेय मला अजून मिळालेलं नाही. मी छापखान्यात प्रुफं तपासतो, म्हणजे गोष्ट खरी असण्यापेक्षा ती खरी दिसणं महत्त्वाचं, हे मला कळतं. मी रबराच्या पिशवीत गरम पाणी भरलं, तिला माझा शाळेतला स्वेटर घातला, हँगरला अडकवून पडद्याच्या दांडीवर टांगलं आणि समोर टेबलफॅन लावला. पिशवी डुलू लागली. झाकणाने एका मिनिटात पेटी सुरू केली आणि दादाच्या फोनवर निरोप आला: 'नवीन सदस्य आढळला. स्वागत आहे.'

अशा रीतीने, घर गरम राहावं म्हणून आम्ही भर थंडीत पंखा लावून बसलो. सर्वांना हे पटलं.

पाणी चाळीस मिनिटांत निवतं, म्हणून आत्याला दर अर्ध्या तासाने उठून पिशवी पुन्हा भरावी लागे. तेवढा वेळ ती हलत असल्याने झाकणाला तीही दिसे. अहवालात तिची नोंद 'पाहुणे' या सदराखाली होऊ लागली. महिनाअखेरचा अहवाल बाबांनी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. दिवसाची उपस्थिती पुढीलप्रमाणे: आई, बाबा, दादा आणि मी, प्रत्येकी शून्य टक्के. नवीन सदस्य, सत्त्याण्णव टक्के. पाहुणे, रोज सरासरी चौदा.

"सत्त्याण्णव," बाबा हळवे होऊन म्हणाले. "एकतीस वर्षांत माझ्या कचेरीत एकाची नाही."

"उरलेले तीन टक्के कुठे होती?" आईने विचारलं.

"आजारी असेल," दादा म्हणाला.

आत्याने फक्त पिशवीकडे बघितलं. पिशवी वाऱ्यावर नम्रपणे डुलली.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी चौघांच्या फोनवर निरोप आला: 'घरात कोणी नाही.' घरच्या ग्रुपवर आईने लिहिलं, 'पिशवी गार झाली वाटतं.' दादाने अंगठा दाखवला. बाबांनी लिहिलं, 'नोंद घेतली.' मी एक हसरा चेहरा टाकला. मग आम्ही आपापल्या कामाला लागलो, कारण झाकणाच्या निरोपाने घाबरायचे दिवस आता मागे पडले होते.

संध्याकाळी सहाला दार उघडलं तर खुर्ची रिकामी. शाल नाही, चपला नाहीत. पंखा चालू होता आणि स्वेटर घातलेली गार पिशवी एकटीच डुलत होती.

"ताई कुठे आहे?" बाबांनी विचारलं, आणि सवयीने फोन काढून बघितलं. फोनमध्ये लिहिलं होतं की घरात चार जण आहेत आणि सर्व ठीक आहे.

"सकाळी आला होता ना निरोप," आई हळूच म्हणाली. "कोणी नाही म्हणून. आज ते खरं बोलत होतं हो."

झाकणाने आमची दखल घेऊन घर बावीस अंशांवर आणलं. आम्हाला घाम फुटला तो त्याच्या आधीच. न्हाणीघर बघून झालं, बाल्कनी बघून झाली, दादाने पेटीच्या मागेही बघितलं. "सात तास झाले," आई म्हणाली, "सात तास, आणि आपण अंगठे दाखवतोय." तेव्हा बाबा उठले आणि फोन टेबलावरच टाकून, पायात दोन वेगळ्या चपला घालून जिना उतरले. (झाकणाच्या नोंदीप्रमाणे ते त्या वेळी हॉलमध्ये आरामात बसले होते.) आम्ही त्यांच्या मागे धावलो.

फार धावावं लागलं नाही. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्या बाईंचं दुकान आहे. आत इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर आत्या बसली होती, मांडीवर शब्दकोडं, गाल लाल. स्वेटर तिने काढून ठेवला होता.

"आडवा, चार अक्षरी, शेवटी 'पणा'," ती विचारत होती.

"शहाणपणा," इस्त्रीवाल्या बाई शर्टाची कॉलर दाबत म्हणाल्या.

"तो पाच अक्षरी झाला."

"मग नाही जमायचा इथे."

"ताई," बाबा दारातून म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "किती शोधलं तुला."

"झाकणाला विचारायचं की रे, छोटू."

"अहो, सकाळपासून इथेच आहेत या," इस्त्रीवाल्या बाई आम्हाला म्हणाल्या. "मधे एकदा पाय मोकळे करायला उठल्या, तर मीच विचारलं, कुठे निघालात म्हणून. तासन्‌तास बोलत नाहीत, पण आहेत ते कळतं की माणसाला."

बाबा पायांतल्या दोन वेगळ्या चपलांकडे बघत राहिले. "सांगून तरी जायचंस," ते शेवटी म्हणाले.

"सांगितलं ना. सकाळी नाश्त्याच्या वेळी. चौघं टेबलाशी बसला होतात, चौघांच्या हातांत फोन. मी मधोमध उभी राहून म्हटलं, मी आजपासून दिवसा इस्त्रीवाल्या बाईंकडे बसणार आहे. मग चांगली पाच मिनिटं थांबले. कोणी मान वर केली नाही, कोणी हललं नाही." आत्याने कोड्यात एक अक्षर लिहिलं. "मला वाटलं, घरात कोणी नाही."

या घटनेला आता दोन महिने झाले. आत्या रोज दहाला इस्त्रीच्या दुकानात जाते. पिशवीला स्वेटरसकट सेवानिवृत्त केलंय. संध्याकाळी आत्या परतली की बाबा फोन उपडा ठेवून मोठ्याने विचारतात, "ताई, आलीस का?" आणि आत्या चपला काढत म्हणते, "पुरावा आणू?" झाकणाची अचूकता शंभर टक्क्यांवर गेली आहे, कारण दिवसा आमच्या घरात आता खरोखरच कोणी नसतं. दादाने कंपनीला तसं कौतुकाचं पत्रही पाठवलं.

हे वाचून झाकणाला किंवा आम्हाला हसण्याचा मोह कोणाला झाला असेल तर त्यांनी तो आवरावा. आपण हे वाचायला घेतल्याला दहा मिनिटं होत आली. या काळातली आपली एकूण हालचाल: एक बोट, तेही अधूनमधून. कुठल्याही चांगल्या झाकणाच्या मते आपण घरात नाही. खात्री करायची असेल तर एकदा हात हलवून बघा. आणि हात हलवताना चुकून मान वर झालीच, तर मघाशी समोर उभं राहून कोणीतरी आपल्याला काहीतरी सांगत होतं, ते अजून आहे का, तेही बघून घ्या.