जुनं कार्ड, नवं कार्ड आणि आनंदाबाईंचं घर

अख्ख्या सिंदी मेघे गावात ग्राफिक्स कार्डाची पारख रुपेशएवढी कोणालाच नाही, असं खुद्द रुपेशचं मत होतं आणि त्या मताला अजून तरी कोणी विरोध केला नव्हता.

रुपेश आणि त्याची बायको वर्षाली घरांची डिझाइनं करायचे. पायाही खोदला नसेल तेव्हाच घर कंप्युटरवर उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला पडद्यावर आतून फिरवून आणायचं, हा त्यांचा धंदा. हे फिरवणं जमतं ते कंप्युटरातल्या ग्राफिक्स कार्डामुळे. कार्ड दमदार असलं की गिऱ्हाईक हॉलमधून गच्चीपर्यंत अलगद तरंगत जातं. मरतुकडं असलं की पायरीपायरीवर अडकतं.

रुपेशचं कार्ड जुनं होतं. त्याचे पंखे सुरू झाले की खोलीत मळणीयंत्र लावल्यासारखा आवाज यायचा. पण घरच्या गोऱ्ह्याबद्दल बोलावं तसा तो त्याच्याबद्दल बोलायचा. "आजवर एक डाव दगा नाई देला यानं," असं म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायचा.

अशात वर्षालीने आपल्या कंप्युटरसाठी नवं कार्ड आणलं. जुन्या कार्डाला सवत आली असंच रुपेशला वाटलं.

"आता माह्या मशीनवर घर कसं सुसाट फिरन पाहा," वर्षाली म्हणाली.

"नव्या खोक्याले भुलू नको. हे कंपनीवाले नुसते रंगीत दिवे लावून विकून राह्यले. माह्या कार्डासंग लावून पाह्य, मंग समजन."

"लावू ना. आधी बसवू तर द्या मले."

"मीच बसवून देतो. तू बसवशीन, अन् हरली की म्हणशीन बसवण्यातच चूक झाली."

रुपेशने कार्ड बसवलं, वायरी जोडल्या, घाम पुसला. शर्यतीसाठी घर निवडलं आनंदाबाईंचं. आनंदाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यातून मोठ्या सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि घर बांधायच्या तयारीत होत्या. डिझाइन रुपेशचं स्वतःचं, त्यामुळे ते उत्तम आहे यात त्याला शंका नव्हती. दोन्ही कंप्युटरांवर तेच घर उघडलं. फाटकातून आत, हॉल, स्वयंपाकखोली, जिना, गच्ची, असा एकच रस्ता दोघांना दिला.

जुनं कार्ड मळणी करत करत गच्चीवर पोचलं. नवं मात्र हॉलमध्येच अडखळलं. एक पाऊल टाकायचं आणि पत्ता विचारायला थांबल्यासारखं थांबायचं.

वर्षालीचा चेहरा उतरला. रुपेशची छाती एवढी फुगली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी. त्याने दोन्ही पडदे मोबाइलवर टिपले, वर स्वतःच्या आवाजात भाषण जोडलं आणि तो व्हिडिओ जिल्ह्यातल्या कंप्युटरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला.

मग फोन सुरू झाले. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या हिंगणघाटच्या एकाने विचारलं, माझंही हेच कार्ड आहे, काढून टाकू का? रुपेश म्हणाला, काढा. समुद्रपूरच्या एकाने विचारलं, ऑर्डर दिलेली आहे, रद्द करू का? रुपेश म्हणाला, आजच करा. दोघातिघांनी तर त्याच्या जुन्या कार्डालाच मागणी घातली. मुलीच्या बापाने सांगावं तसं रुपेशने सांगितलं, "सध्या देण्याचा विचार नाई."

दुसऱ्या दिवशी नागसेन दारात उभा. वर्षालीने कार्ड घेतलं होतं ते त्याच्याच दुकानातून. सोबत दोन गिऱ्हाइकं, दोघांच्या बगलेत कार्डाची खोकी.

"रुपेशभाऊ, लोक कार्डं वापस आणून राह्यले. दुकानात बसाले जागा नाई उरली. ह्या दोघायच्या समोर दाखवा मले, काय बिघडलं ते."

तेवढ्यात आनंदाबाईही आल्या. घर पाहायला त्यांना बोलावलंच होतं. एवढे लोक जमलेले पाहून रुपेशला आनंदच झाला.

"बसा काकू. तुमच्याच घरात शर्यत आहे."

पुन्हा तेच झालं. जुनं गच्चीवर, नवं हॉलमध्ये. रुपेशने नागसेनकडे असं पाहिलं, जणू निकाल फळ्यावर लागला होता.

नागसेन पुढे आला. वर्षालीच्या टेबलामागे वाकला, मोबाइलचा उजेड पाडला आणि एकेक वायर चाचपली.

"हा पडद्याचा वायर कोनं लावला, भाऊ?"

"मीच. चांगला घट्ट लावला."

"घट्ट तर हाये. पण कार्डात नाई लावला तुम्ही. वर मदरबोर्डाचं, म्हंजे कंप्युटरच्या मूळ पाटीचं भोक हाये, त्यात खुपसला. पडदा तिच्याच जेमतेम जोरावर चालून राह्यला. कार्ड बिचारं आतमंदी आराम करून राह्यलं. त्याले कोनं काम सांगतलंच नाई."

वर्षालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत रुपेशला सगळं ऐकू आलं.

नागसेनने वायर काढून खालच्या भोकात लावली. नवं कार्ड उठलं आणि आनंदाबाईंच्या घरातून वाऱ्यासारखं निघालं. आवाज नाही, धक्का नाही. जुनं जिन्यापाशी धापा टाकत होतं तेव्हा नवं गच्चीवरून गावाकडे पाहत होतं. दोन्ही गिऱ्हाइकांनी आपापली खोकी पुन्हा बगलेत मारली.

"ग्रुपवर आता तुम्हीच सांगजा," नागसेन म्हणाला.

रुपेशचे कान तापले. पण हरलेल्या बाजूला फार वेळ उभं राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"म्हणजे कार्ड जोरदार आहे, हे मानलं," तो खुर्ची सरसावत म्हणाला. "पण कार्डाचा जोर दिसाले घरही तसंच लागते ना. डिझाइन कोणाचं आहे? काकू, कसं वाटलं घर?"

"पुन्हा दाखव," आनंदाबाई म्हणाल्या.

त्याने दाखवलं.

"अजून एकदा. हळू."

त्याने हळू दाखवलं. हॉल संपता संपता आनंदाबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं.

"इथून स्वयंपाकखोलीत कसा गेला तू?"

"असा. सरळ."

"सरळ तर भिंत आहे."

रुपेशने माउस मागे नेला. भिंत होती. डावीकडे पाहिलं, भिंत. उजवीकडे खिडकी. स्वयंपाकखोलीत जायला कुठूनच दार नव्हतं. कार्ड जुनं असो की नवं, पडद्यावरची वाट भिंत जुमानत नाही, आरपार जाते. कोण किती जोरात गेलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं; कुठून गेलं, हे कोणीच नाही.

"हे मशीन जाते भिंतीतून," आनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी चहा घेऊन कशी येऊ?"

नागसेन एकदम वायरी गुंडाळायच्या कामाला लागला. वर्षालीने पदर तोंडाशी धरला.

"तुमच्या जुन्या कार्डावरबी दार नव्हतं का हो?" तिने हळूच विचारलं.

रुपेशने तिथल्या तिथे भिंत फोडली आणि सागवानी दार बसवलं. चांगलं रुंद, कडी-कोयंड्यासकट. मग तो आनंदाबाईंना त्या दारातून आत घेऊन गेला, ओट्यापाशी थांबला, आणि त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा भरून आला.

"पाह्यलं काकू? नव्या कार्डावर दारबी किती साफ दिसते."

"दिसते खरं," आनंदाबाईंनी कौतुकाने मान हलवली. "आता मले न्हाणीत घेऊन चल. दारातून."

रुपेशचा माउसवरचा हात थांबला.