विश्वंभरअण्णांची हद्द

आमच्या शेजारच्या विश्वंभरअण्णांच्या रानातून फक्कीची एक पांढरी रेघ जाते. क्रिकेटच्या मैदानावर मारतात तशी, अगदी सरळ. रेघेच्या अलीकडं धाराशिव शहर, पलीकडं खेडं. नगरपालिकेची हद्द वाढली ती नेमकी अण्णांच्या शेताच्या मधून गेली. घर, विहीर आणि कडुलिंब शहरात आले. तूर आणि ज्वारी गावातच राहिली. दुसरा कुणी असता तर घरपट्टीवरून चार दिवस चिडचिड करून गप्प बसला असता. अण्णांनी सरकारी मोजणी आणली, खुणेचे दगड रोवून घेतले आणि दगडापासून दगडापर्यंत फक्की मारली. पावसानं धुऊन गेली की ते पुन्हा मारतात.

"अण्णा, ही रेघ कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"रानडुकरासाठी."

मी हसले. अण्णा हसले नाहीत.

"हसू नका, बाई. डुक्कर रेघंच्या पल्याड असलं तर मारता येतंय. अल्याड आलं तर मारता येत न्हाय. मग रेघ कुठं हाय ते ठावं नगं का?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून गल्लीतले सगळे मला बाई म्हणतात. माझ्या मागच्या भिंतीला लागून अण्णांचं रान आहे. भिंतीवरून डोकावलं की अण्णा दिसतात, आणि मी डोकावले की अण्णांना लगेच संशय येतो.

संशय हा त्यांचा जुना धंदाच. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसमध्ये तिकीट तपासण्यात घालवली. सोलापूरपासून लातूरपर्यंतच्या कुठल्याही रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवायची आणि आत चढून एकेकाच्या डोळ्यांत बघायचं. तिकीट नंतर, डोळे आधी. "झोपल्याचं सोंग करणारा माणूस पापणी हलवतो, बाई." निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही दारात पाहुणा आला तर अण्णा आधी त्याच्या हाताकडं बघतात. त्यानं तिकीट दाखवावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. दूधवाल्यानं कमी पाणी घातलं तरी त्यांना काळजी वाटते. डोळे बारीक करून ते एकच वाक्य म्हणतात, "ह्यात काय तरी हाय."

रानडुकरांच्या बाबतीत तर त्यांची खात्रीच होती की ह्यात काय तरी हाय. डुकरं ओढ्याच्या झाडीतून येतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. अण्णांना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते कुणीतरी डुकरं हाकलून त्यांच्या रानात घालत होतं, त्यांनी कंटाळून जमीन विकावी म्हणून. पहिला संशय पलीकडं प्लॉट पाडणाऱ्या बिल्डरवर. दुसरा मंगल कार्यालयाच्या आचाऱ्यावर, कारण तो उरलेला भात ओढ्यात टाकायचा. तिसरा माझ्यावर.

एकदा ते रानात सापडलेलं बटाट्याचं साल चिमटीत धरून माझ्या दारात आले.

"हे तुमच्या घरचं हाय."

"कशावरनं?"

"जाड काढलंय. तुमी साल जाड काढता, बाई. म्या बगितलंय."

"अण्णा, ह्या आठवड्यात आमच्याकडं बटाटा आणलेलाच नाही."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मी पापणी हलू दिली नाही. "बरं," म्हणाले, आणि साल खिशात ठेवून निघून गेले. पुरावा टाकून द्यायची त्यांना सवय नाही.

त्यांच्याकडं वडिलांच्या वेळची एकनळी बंदूक आहे. शेतीच्या राखणीसाठीचा परवाना आहे, तो अण्णा वेळच्या वेळी नवा करून घेतात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ती परत आणली की अण्णा ओट्यावर बसून नळीचा वास घेतात. "आपलीच हाय का बगतो. काय भरोसा." बंदुकीची कुणी चोरी करील, ह्यापेक्षा कुणी बदली करील, ह्याचीच त्यांना जास्त भीती.

पण डुकरावर ती उडवायची तर कायद्यात बसलं पाहिजे. इथं अण्णा इंचभर हलत नाहीत. तुळजापूरला एका लग्नात त्यांनी पंगतीत वकिलाशेजारची जागा मुद्दाम धरली. मी समोरच्या रांगेत होते.

"वकीलसाहेब, एक मामला सांगा. बंदूक शहरात, डुक्कर गावात. गोळी सुटली शहरातनं आन लागली गावात. गुन्हा कुठं झाला?"

वकिलांच्या हातात जिलबी होती. "अण्णा, आधी जेवू द्या की."

"जेवा, जेवा. बरं, उलटं घ्या. म्या गावात, डुक्कर शहरात."

"मग तुम्ही दोघं आपापल्या हद्दीत सुखानं राहा," वकील म्हणाले. पंगत हसली. अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे ह्यांना काही येत नाही.

मग ते पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या जमादारांनी उत्तर दिलं, "अण्णा, तुम्ही शहरात उभं राहा न्हाय तर गावात, बंदूक तेवढी घरात ठेवा." शेवटी ते वनखात्याच्या कचेरीत निघाले, आणि शिकलेलं माणूस सोबत असावं म्हणून मला घेऊन गेले. तिथले अधिकारी शांत स्वभावाचे. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि नीट समजावलं. रानडुकरानं पिकाचं नुकसान केलं असेल तर अर्ज करायचा. पाहणी होते, मग परवानगी मिळू शकते. पण शहराच्या हद्दीत, वस्तीजवळ गोळी चालवायची नाही.

"जमीन माझी सोताची हाय," अण्णा म्हणाले.

"असू द्या."

"बंदूक परवान्याची हाय."

"तरी नाही. अण्णा, गोळीला सातबारा वाचता येत नाही. तुमच्या रानातनं सुटली की बाईंच्या अंगणात जाऊन पडेल."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या अंगणाचा विचार त्यांनी केलेला नव्हता.

"बरं, वानर?"

"नाही."

"मोकाट कुत्रं?"

"नाही."

"मोर? मोर बी शेंगा खातोय."

"अण्णा, मोराचं नावसुद्धा काढू नका."

परत येताना रिक्षानं चौक ओलांडल्यावर अण्णा म्हणाले, "ह्यात काय तरी हाय, बाई. इतकं सरळ कुणी सांगतंय का?"

तरी त्यांनी अर्ज केला. पाहणी झाली. तुरीच्या मुळ्या उकरलेल्या, ज्वारीचा एक कोपरा आडवा झालेला, ते सगळं खात्यानं बघितलं आणि परवानगी आली, अटींसकट. वनरक्षक हजर पाहिजे, पोलिसांना आधी कळवायचं, दिवसाउजेडी मारायचं, गोळी वस्तीकडं जाता कामा नये, आणि डुक्कर शहराच्या हद्दीबाहेर पाहिजे. साक्षीदार म्हणून अण्णांनी माझं नाव दिलं.

"माझ्यावर तर तुमचा संशय आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर. संशयातलं माणूस डोळ्यापुढं असल्यालं बरं."

रविवार होता. ऊन चांगलं वर आलं होतं. तुरीच्या शेंगा वाळत आल्या होत्या आणि वारा आला की सगळं रान खुळखुळायचं. वनरक्षक मॅडम तरुण होत्या, खाकी कपड्यांत, पायांत बूट. त्यांनी अण्णांना रेघेच्या पलीकडं, गावाच्या बाजूला उभं केलं. घरं पाठीशी, समोर तूर आणि तिच्यापलीकडं मोकळं माळरान. अण्णांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर आणि नोकरीतला जुना कोट घातला होता. मी त्यांच्या मागं उभी होते. मला खरं म्हणजे डुक्कर येऊच नये असं वाटत होतं.

ते आलं. तुरीच्या ओळींतून आधी काळं तोंड बाहेर आलं, मग अंगाचा सगळा पसारा. डुकरीण होती. आमचा वास तिला लागला असावा, कारण ती थबकली. रेघेपासून चांगली लांब होती, अगदी निखालस गावाच्या हद्दीत. कुणा वकिलालाही वाद घालता आला नसता.

"अण्णा, हद्दीबाहेर आहे," मॅडम कुजबुजल्या. "चालेल."

अण्णांनी बंदूक खांद्याला लावली. हात स्थिर होते.

तेवढ्यात डुकरिणीच्या मागं सरीत काहीतरी हललं. पिल्लं होती. तांबूस, अंगावर फिकट पट्टे असलेली, एकमेकांना ढकलत, ढेकळांत तोंडं घालत. आईला काय दिसतंय ह्याची त्यांना खबरच नव्हती. मला वाटलं ती आता पळेल. रानडुकरं पळतात किंवा अंगावर येतात. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. ती दोन पावलं मागं सरली, पिल्लांच्या आणि आमच्या मधे आडवी झाली, आणि तशीच उभी राहिली.

अण्णांची बंदूक खाली येईना आणि उडेनाही. वारा थांबला होता. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

अण्णांनी बंदूक उतरवली.

"शहरात हाय," ते म्हणाले.

"काय?" मॅडमनी विचारलं.

"डुकरीण शहरात हाय. कायद्यात बसत न्हाय."

"अण्णा, रेघ तर ती मागं राहिली—"

"रेघ चुकलीय."

सरकारी मोजणी, खुणेचे दगड, दर पावसाळ्यानंतर फक्कीची पाटी घेऊन वाकणारा हा माणूस, आणि तोच रेघ चुकली म्हणत होता. मॅडमनी मला विचारलं, "बाई, तुम्ही साक्षीदार. तुम्हाला काय दिसतं?"

"शहरातच आहे की," मी म्हटलं.

मॅडमच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "मग प्रश्नच मिटला." डुकरीण तोवर पिल्लांना घेऊन ओढ्याकडं निघून गेली होती.

मॅडम गेल्यावर अण्णा विहिरीच्या कट्ट्यावर बसले. बंदूक मांडीवर आडवी. मी घरातून चहा करून आणला. चहा हातात घेऊन त्यांनी तो नेहमीसारखा हुंगला नाही. नुसता धरून बसले.

"तिनं पळायला पायजे हुतं," बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

"पिल्लं होती ना, अण्णा."

"व्हय. म्हणूनच." त्यांनी बंदूक बाजूला ठेवली. "आमी सास्तूरचं. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. भूकंपानंतर ते धाराशिवला येऊन राहिले, आणि भूकंपात त्यांची बायको गेली, एवढं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यापुढं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"म्या त्या रात्री ड्युटीवर हुतो. सकाळी गावात पोचलो तर वळखू येईना. घर न्हाय, गल्ली न्हाय, नुस्ता दगडाचा ढीग. आमचं घर कुठलं तेच कळंना. ढिगाखालनं रडल्यालं ऐकू आलं. त्या रडण्यावरनं आमी हातानं दगडं काढली." ते विहिरीत बघत बोलत होते. "ती वाकून हुती. गुडघ्यावर, अशी, दोनी हात जमिनीला लावून. पाठीवर भिंत. खाली पोरगी. पोरीला खरचटलं बी न्हाय. तिचं मात्र हात सरळ करता येईनात, बाई. तशीच गेली हुती ती."

मला त्यांची ती मुलगी माहीत होती. अर्चना. आत्याकडं वाढली, शिकली, आता नागपूरला नवऱ्यासोबत असते. दिवाळीला एखाद दिवस येऊन जाते. बापलेक समोरासमोर बसले की हवापाण्याचं बोलतात आणि मग टीव्ही लावतात, हे मी भिंतीपलीकडून कित्येकदा ऐकलं होतं.

"अर्चनाला हे माहीत आहे?" मी विचारलं.

"भूकंपात गेली, एवढं ठावं हाय."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"कसं सांगायचं?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. मला तर ती ओळखूच येईना. "पोरीला वाटंल, माझ्यापायी आई गेली. लहान हुती तवा वाटलं, मोठी झाल्यावर सांगू. मोठी झाली तवा वाटलं, आता कशाला. मग तिच्याशी बोलायचंच काय राहिलं न्हाय. जे बोलायचं हुतं तेच बोलायचं नव्हतं."

चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला करून त्यांनी एका घोटात चहा संपवला आणि कप कट्ट्यावर ठेवला. मग कोटाच्या आतल्या खिशातून फोन काढला. चष्मा नव्हता, म्हणून फोन लांब धरून नंबर शोधू लागले. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

मी दोन्ही कप उचलले आणि घराकडं निघाले. मागून त्यांचा आवाज आला, तिकीट मागताना लावायचे तसा जरा मोठा.

"अर्चना? म्या बोलतोय. न्हाय, न्हाय, तब्येत बरी हाय. जेवलीस का?"

मी भिंतीजवळ पोचले तोवर ते पुढं बोलू लागले.

"ऐक. आज आपल्या रानात एक डुकरीण आली हुती. पिल्लं हुती तिच्यासंगं. वेळ हाय का तुला? जरा लांब हाय सांगायचं."