शालनचा पेपर आणि माझा खोकला

तोंडाला कुलूप घालणं मला उत्तम जमतं, हे आधीच सांगून ठेवते! आमचे हे ऐकून हसतात. हसू देत.

माझी भाची शालन तेव्हा डोंबिवलीत दहावीला होती. पोरगी चुणचुणीत, पण आकडे दिसले की गडबडायची. एकसष्टचे सोळा वाचायची! डॉक्टर म्हणाले, हा आळस नव्हे, अडचण आहे. परीक्षेत अर्धा तास जादा द्या आणि प्रश्न वाचून दाखवायला माणूस द्या. शाळेला हे सगळंच नवीन. सराव परीक्षेत गणितात पास झाली तरच बोर्डाकडे शिफारस करू, म्हणाले. वाचायला कोण? अर्थात मी! मानपाड्याहून रिक्षा करून गेलेले, इस्त्रीची साडी नेसून.

गणिताच्या कांता मॅडमनी बजावलं, "फक्त वाचायचं. एक शब्द जास्त नाही."

"छे हो! मी म्हणजे दगड!"

मी वाचलं, "एका साडीची किंमत वीस टक्क्यांनी वाढवली, मग वीस टक्क्यांनी कमी केली. किमतीत काय फरक पडला?"

शालनने बराच वेळ आकडेमोड करून लिहिलं, चार टक्के घट. अगं बाई! वीस चढले, वीस उतरले, फरक कसला? जीव कळवळला हो! तोंड दाबलं, तर खोकला फुटला. शालनने माझ्याकडे पाहिलं, उत्तर खोडलं आणि लिहिलं, काही फरक नाही. शहाणी गं माझी बाय!

पुढच्या गणिताला तिने पुन्हा घोळ घातला. मी पुन्हा खोकले, तिने पुन्हा खोडलं. मॅडमनी मला पाणी आणून दिलं. खोकला थांबला, तर बांगड्या वाजायला लागल्या.

"बांगड्या वर सारा!"

सारल्या. मग भुवया. आता माझ्या भुवया मला विचारून थोड्याच चढतात?

"नीलाताई, खुर्ची फिरवा. भिंतीकडे तोंड!"

उरलेला पेपर मी भिंतीला वाचून दाखवला. मागून नुसती पेनाची खरखर. माझ्याशिवाय पोर बुडाली, म्हणून मला रडू यायचंच बाकी होतं.

निकाल लागला. शालन काठावर पास! मी पेढ्यांचा पुडा सोडणार, तोच मॅडमनी पेपर पुढे केला. खुर्ची फिरवल्यानंतरची सगळी गणितं बरोबर. आधीची सगळी चूक. आणि त्यांत खोडलेलं प्रत्येक उत्तर बरोबर!

शालन हळूच म्हणाली, "मावशी, मला वाटलं तुला येतंय."

"शिफारस मी करते," मॅडम म्हणाल्या. "हिला जादा वेळ हवाच, वाचकही हवाच. फक्त बोर्डाला असं माणूस बघा, ज्याला गणितातलं ओ की ठो कळत नाही!"

मी मुकाट्याने मान डोलावली. पण तुम्हीच सांगा, या अटीत माझ्याइतकी चपखल बसणारी बाई अख्ख्या डोंबिवलीत दुसरी मिळाली असती का?