तीन ज्योतींची बत्ती

आगीच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं रायनो हार्यूचं ठाम मत होतं. मिशिगनच्या उत्तर टोकाला लोखंडाच्या खाणीत त्याचा जन्म वेल्डिंग करण्यात गेला. त्यापायी कान गेले, मत मात्र शाबूत राहिलं.

दुकानातल्या मुलीनं एका ज्योतीची छोटी ब्यूटेनची बत्ती पुढे केली. "आजोबा, हीच न्या. वाफ ओढायच्या या नळीत औषधी गांजा भरायचा आणि वरची धातूची टोपी शेकायची. टिक् असा आवाज आला की ज्योत लगेच बाजूला. नाहीतर वाफ राहते बाजूला आणि नुसता कोळसा होतो."

"पोरी, हिच्यानं मुंगीसुद्धा शेकणार नाही," म्हणत रायनोनं तीन ज्योतींची उचलली.

त्याला घाई होती. त्याच्या बायकोला, लेंपीला, आजारानं पार पोखरलं होतं. औषधांनी तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. ही वाफ घेऊन दोन घास गेले तर बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. ते दोन घास जावेत, यापलीकडे रायनोला आता काहीही नको होतं.

स्वयंपाकघरात त्यानं बत्ती पेटवली. ती पिठाच्या गिरणीसारखी घरघरू लागली. रायनो टिक् व्हायची वाट बघत राहिला.

"वाजलं की," लेंपी खुर्चीतून म्हणाली.

"काय?"

"वाजलं म्हणते मी."

"अजून कुठे? वाजलं की सांगतो तुला."

टोपी लाल झाली, गांजाचा कोळसा झाला आणि ओट्यावरच्या फडक्यानं पेट घेतला. त्यांच्या लेकीनं छताला बसवून दिलेला धुराचा भोंगा बोंबलू लागला. तोही रायनोला ऐकू आला नाही. अग्निशमन दलाला मात्र त्या भोंग्यानंच परस्पर कळवलं.

लेंपी फार दिवसांची सोबती नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या दारात बंब बघून जो तो काय ते समजला. गावच्या रीतीप्रमाणे बायका सुतकाचं जेवण घेऊन निघाल्या. सर्वांत पुढे शेजारची आयली कांगास होती. तिच्या हातात पास्त्या होत्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या खाणकामगारांच्या भल्यामोठ्या करंज्या.

"रायनो, शेवटी फार त्रास नाही ना झाला?" तिनं त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

रायनोच्या डोक्यात फडकं होतं. "कसला त्रास? सिंकमध्ये टाकून नळ सोडला, झालं."

आयलीनं दाराची चौकट धरली.

"आयली," आतून लेंपीचा आवाज आला, "मेल्याशिवाय मला पास्ती मिळणार नव्हती तर. आण इकडे."

चर्चच्या जत्रेत पास्त्यांचं बक्षीस दरवर्षी आयलीला मिळायचं आणि लेंपी हात चोळत घरी यायची. पास्तीत सलगमच हवा, गाजर घालणं म्हणजे या गावात पाप. आपण ते कधीच केलं नाही, असं आयली शपथेवर सांगायची.

लेंपीनं एक घास तोडला आणि बराच वेळ चावला. बंबावरची माणसंसुद्धा दारातून डोकावून बघू लागली.

"गाजर," ती म्हणाली.

आयली लालबुंद झाली. "अगदी थोडं गं. तू आता खायला नाहीस असं समजून घाईत घरी आमच्यासाठी केलेल्याच घेऊन आले."

"थांब, खात्री करून घेते." लेंपीनं दुसरा घास घेतला.

रायनोनं बत्ती हळूच पाठीमागे लपवली. दोन घास गेले होते. ते कशानं गेले, हे डॉक्टरांना सांगायची मात्र त्याला लाज वाटत होती.