मास्तर खाली, गाडी पुढे

“आज तुम्ही उठायचं नाही,” खिडकीजवळची जागा घेत बायकोने बजावलं. “आज तुम्ही प्रवासी आहात. कोणी उभं राहो, कोणी पडो, तुम्ही माझ्या शेजारी बसून राहायचं. कबूल?”

“कबूल,” मास्तर म्हणाले आणि लगेच उठून उभे राहिले.

“आता काय झालं?”

“ती मागची पिशवी वाटेत आलीय. कुणाच्या तरी पायात येईल.”

बायकोने सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं. गाडी अजून सुरूसुद्धा झाली नव्हती.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. चौतीस वर्षं त्यांनी बसमध्ये कंडक्टरी केली आणि प्रवाशांनी त्यांना मास्तर म्हटलं, ते नाव अंगालाच चिकटलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण सवयी काही निवृत्त झाल्या नव्हत्या. देवापुढे हात जोडून उभे राहिले तरी डोळे मिटायच्या आधी शेजारच्याला म्हणायचे, “जरा पुढे सरका, आत जागा आहे.” देवानेही ते इतकी वर्षं हसून चालवून घेतलं असावं.

शेवटची एकोणीस वर्षं मास्तर एकाच मार्गावर होते. शहरातून निघायचं, डोंगर ओलांडायचा, द्राक्षांच्या मळ्यांमधून खाली उतरायचं आणि समुद्राकाठच्या गावी पोचायचं. वीस मिनिटं थांबा, की परत. दिवसातून दोनदा. सुरुवातीला बायकोने मोठ्या उत्सुकतेने विचारलं होतं, “कसा आहे हो समुद्र?” मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, “बसस्टँडच्या मागे आहे.”

कारण त्या वीस मिनिटांत कागदावर सही घ्यायची, चहा घ्यायचा आणि बाकावर पेंगलेल्या परतीच्या प्रवाशांना हलवून उठवायचं. समुद्राचा आवाज यायचा, वास यायचा, पण समुद्र काही स्टँडवर यायचा नाही आणि मास्तरांना तिकडे जायला फुरसत नव्हती. बायकोसाठी शिंपले आणले, तेही स्टँडवरच्या दुकानातून. तिनेही मग हट्ट धरला, की बघीन तर तुमच्याबरोबर, नाहीतर नाहीच. माहेरची माणसं जाऊन आली, शेजारीपाजारी जाऊन आले. दोन तासांच्या वाटेवरचा समुद्र ह्या बाईने साठी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. नवऱ्याशेजारी बसून जायचं आणि दोघांनी मिळून बघायचं, एवढी एकच गोष्ट तिने सगळ्या संसारात मागितली होती. आज तो दिवस होता.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या ताईंनी ही एका दिवसाची सहल काढली होती. सकाळी द्राक्षांचा मळा, दुपारी समुद्र, संध्याकाळी घरी. ताईंच्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात यादी. औषध द्यावं तशी त्यांनी सहलही मोजून मापून दिली होती, इतक्या वाजता हे, जेवणानंतर ते.

आणि गंमत बघा, गाडीवर ड्रायव्हर कोण निघावा? सरळराव! अकरा वर्षं मास्तरांच्या जोडीला याच मार्गावर असलेला माणूस. सरळराव हे त्याला डेपोने दिलेलं नाव, कारण तो कधी मागे वळून बघायचा नाही. “पुढचं माझं, मागचं मास्तरांचं,” असं म्हणायचा आणि तसाच वागायचा. दार लावून मास्तरांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या की निघायचं, एक मारली की थांबायचं; हीच त्यांची बेल. अकरा वर्षांत दोघांत याहून फारसं बोलणं झालं नव्हतं आणि भांडणही नव्हतं.

“मास्तर, तुम्ही प्रवासी?” सकाळी सरळराव डोळे विस्फारून म्हणाला.

“आहे बाबा. शपथेवर आहे.”

वाटेत मास्तर तीनदा उठले आणि तीनदा सदऱ्याला हिसका बसला. मग मात्र ते खिडकीबाहेर बघत बसले. प्रत्येक वळणावर त्यांना कोणी ना कोणी दिसत होतं. या वडाखाली दुधाचे कॅन घेऊन एक म्हातारा उभा असायचा. त्या पुलाशी छत्रीवाल्या बाई चढायच्या, शाळेत शिकवायला निघालेल्या, आणि ऊन असो वा नसो, छत्री उघडीच ठेवून दारातून शिरायला बघायच्या. “इथे थांबा होता,” मास्तर हळूच म्हणाले. आता तिथे नुसता खांब होता, पाटी नव्हती. बायकोने सदरा सोडला आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

मळा छान होता. मालकीणबाई मोठी गवती टोपी घालून सगळ्यांना वेलींमधून फिरवत होत्या. पुढे एका थंडगार खोलीत लाकडी पिंपं होती आणि मोठ्या बाकावर चवीसाठी ग्लास मांडले होते. सहलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी पहिला घोट तोंडात इतका वेळ घोळवला, की आता ते खुर्चीशेजारी थुंकायला सांगणार असं सगळ्यांना वाटलं. मास्तर वाइनच्या वाटेला गेले नाहीत, त्यांनी द्राक्षाचा रस घेतला. बायकोचा घोटा सुजला होता, म्हणून ती लवकरच गाडीत जाऊन बसली. मास्तर तिच्यासाठी रस घेऊन गेले.

“गोड आहे,” ती म्हणाली. “पाण्याची बाटली आत बाकावर राहिली वाटतं. आणता?”

“आणतो.”

पुढच्या सीटवर सरळराव डोळ्यांवर टोपी ओढून झोपला होता. मास्तर खाली उतरले. गोड वासाने गांधीलमाश्या घोंगावत होत्या, त्या आत शिरू नयेत म्हणून त्यांनी दार ओढून लावलं. इथवर सगळं ठीक होतं. पण चौतीस वर्षं ज्या हाताने दार लावलं, त्या हाताला पुढचं काम कोणी सांगावं लागत नाही. हात आपसूक वर गेला आणि पत्र्यावर पडला.

धप्. धप्.

टोपी खाली पडायच्या आधी सरळरावाने किल्ली फिरवली होती. गाडी गुरगुरली, वळली आणि फाटकातून दिमाखात बाहेर पडली. मास्तरांना इंजिनाचा तो ओळखीचा आवाज ऐकून इतकं बरं वाटलं, की पाचसहा पावलं ते समाधानाने चालत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण चालतो आहोत. सबंध नोकरीत बेल देऊन मास्तर खाली राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग.

“अरे थांब! थांब!”

पण थांबवायला पत्र्यावर एक थाप लागते, आणि पत्रा वळणापलीकडे गेला होता.

ताई शिट्टी वाजवत बाहेर आल्या. मागून सत्तावीस माणसं.

“गाडी कुठाय?”

“गेली,” मास्तर म्हणाले.

“गेली म्हणजे? कोण बसलंय तिच्यात?”

“आमची ही. एकटीच.”

“तिला फोन लावा ना!”

मास्तरांनी खिशातून फोन काढला. तो बायकोचा होता. प्रवासात हरवेल म्हणून तिने सकाळीच त्यांच्याकडे दिला होता.

“ड्रायव्हरला लावते,” म्हणत ताईंनी नंबर फिरवला. त्यांच्याच पर्समध्ये घंटी वाजू लागली. गाडी चालवताना फोन नको म्हणून तो त्यांनी निघतानाच काढून घेतला होता. ताईंनी क्षणभर यादीकडे पाहिलं. यादीत यावर काही उपाय नव्हता.

“काकू ओरडत असतील बिचाऱ्या,” कोणीतरी हळहळलं.

“आणि त्या माणसाला ऐकू येत नसणार! प्रवासी न घेता निघून जातो म्हणजे काय?” डॉक्टर तापले. “असल्या माणसाच्या हातून गाडी काढूनच घेतली पाहिजे. मी लेखी तक्रार करणार.”

मास्तर पुढे झाले. गप्प बसलं असतं तर भागलं असतं. पण वर परमेश्वर बघत होता, आणि शिवाय सरळराव हा अकरा वर्षांचा सोबती.

“त्याची चूक नाही,” ते म्हणाले. “बेल मी दिली.”

“तुम्ही? का?”

“दार लावलं ना.”

हे उत्तर मास्तरांना पूर्ण वाटलं, पण इतर कोणालाच वाटलं नाही. पुढची पाच मिनिटं त्यांनी सत्तावीस माणसांचं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र एकच गोष्ट होती. ती तिकडे पोचणार, एकटी उतरणार आणि समुद्र समोरच दिसणार. मी सोबत नसताना.

शेवटी मालकीणबाईंनाच दया आली. “आमचा ट्रॅक्टर तासाभरात रिकामे क्रेट घेऊन खाली समुद्राकाठच्या गावात जायचाय. ट्रॉलीत बसायची तयारी असेल तर चला.”

आता मात्र मास्तरांना सदऱ्याला धरून खाली ओढणारं कोणी नव्हतं. “चला, वयस्कर आधी! क्रेट पालथे घाला, मध्ये वाट सोडा. डॉक्टर, तुम्ही पुढे सरका. पुढे जागा आहे. आहे म्हणतो ना!” दहा मिनिटांत सत्तावीस माणसं अशी बसली, की मालकीणबाई बघतच राहिल्या. मास्तर फळीवर चढले, ट्रॉलीचं झडप लावलं आणि पत्र्यावर दोन थापा दिल्या.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून मागे आला. “काय झालं?”

“काही नाही. निघा म्हटलं.”

“मग थांबवलंत कशाला?”

तो वर चढला, ट्रॅक्टर हलला. पहिल्या उतारावर कोणाची टोपी उडाली. मास्तरांनी थांबण्यासाठी एक थाप मारली, तर ट्रॅक्टरवाल्याला वाटलं आता घाई आहे, त्याने वेग वाढवला. टोपी गेली ती गेलीच. डॉक्टरांची होती.  दोन्ही हातांनी क्रेट धरलेला असला की माणूस लेखी तक्रारीचा विचार करत नाही.

उतार संपला, वारा सुटला आणि ट्रॉलीत हळूहळू हसू पसरलं. मास्तर सवयीने एकेक जुना थांबा पुकारत होते, जिथे आता कोणीच थांबत नव्हतं. एका मोडक्या शेडपाशी ताई एकदम म्हणाल्या, “इथे मी चढायचे.”

“तुम्ही?”

“कॉलेजला असताना. परीक्षेच्या दिवशी मला उशीर झाला होता. मी शेतातून पळत येत होते आणि तुम्ही गाडी थांबवून धरली होती. आतली माणसं ओरडत होती, आणि तुम्ही आपले पंक्चर बघितल्यासारखे चाकाशी वाकून बसला होता.”

मास्तरांना आठवेना. अशा पळत येणाऱ्या मुली एक का दोन होत्या! पण ताईंनी शिट्टी गळ्यातून काढून पर्समध्ये टाकली.

गावात पोचायला साडेतीन झाले. स्टँडवर गाडी अगदी रेषेत लावलेली होती आणि तिच्यापुढे सरळराव टोपी हातात घेऊन अपराध्यासारखा उभा होता.

“मास्तर, अकरा वर्षांत असं कधी...”

“तुझं काही नाही रे. ही कुठाय?”

“मागे पायऱ्यांवर. मी म्हटलं, वहिनी, परत फिरवतो गाडी. तर म्हणाल्या, कशाला चढ चढताय, ते येतील, त्यांना वाट पाठ आहे. पण मास्तर...” सरळरावाने आवाज खाली आणला. “त्या उलट्या बसल्यात. तीन तास. लोक बघून जातायत.”

मास्तर स्टँडच्या मागे धावले. एकोणीस वर्षांत त्या बाजूला ते पहिल्यांदा गेले. दगडी पायऱ्यांच्या वरच्या पायरीवर बायको बसली होती. तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे.

“अगं, अशी काय बसलीस?”

“मिळून बघायचं ठरलंय ना? मान अवघडलीय माझी. उतरताना डोळ्यांवर पदर ओढून आले. भावजींनी हात धरला म्हणून, नाहीतर पडलेच असते.”

 मास्तर तिच्याशेजारी बसले, रस्त्याकडेच तोंड करून. “चुकलो मी. हात गेला गं आपोआप. तू किती ओरडली असशील!”

“मी? मी कशाला ओरडते?”

“म्हणजे?”

“पहिल्या वळणावरच कळलं होतं की गाडीत मी एकटीच आहे.”

“मग थांबवायचं ना! एक थाप मारली असतीस तरी तो थांबला असता.”

“माहितीय. चौतीस वर्षं कंडक्टरबरोबर संसार केलाय, एवढंही कळत नाही का मला?” ती पदर सारखा करत म्हणाली. “हात उचललासुद्धा होता. मग म्हटलं, जाऊ दे. रोज मी गॅलरीत उभी आणि तुम्ही कुठेतरी वाटेत. आज मी पुढे आणि तुम्ही मागून धापा टाकत येताय. जरा बघू तरी कसं वाटतं.”

मास्तरांनी विचारलं, “आणि कसं वाटलं?”

“छान वाटलं,” ती मनापासून म्हणाली. “चला आता. वळा.”

दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि एकदमच वळले.

समोर ओली वाळू होती. नुसती वाळू. दोन कलंडलेल्या होड्या, इकडे तिकडे फिरणारे खेकडे आणि पार लांब, नजर ताणली तर दिसेल अशी एक चकाकती रेघ.

“अहो, समुद्र कुठाय?”

“ओहोटी लागली वहिनी,” मागून आलेला सरळराव चाचरत म्हणाला. “तुम्ही बसलात तेव्हा पायऱ्यांना लागलेला होता.”

“तरी मला वाटलंच, आवाज कमी का होतोय! मी म्हटलं, माझेच कान गेले.” ती आधी मास्तरांकडे आणि मग त्या रेघेकडे बघून हसायला लागली. पायरीचा आधार घेण्याइतकी हसली. हसता हसता तिने चपला काढल्या, एका हातात घेतल्या आणि सुजलेला घोटा सांभाळत वाळूत उतरली.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. यादीप्रमाणे परतीला निघायची वेळ झाली होती. वरच्या पायरीवर ताई उभ्या होत्या, शेजारी डॉक्टर आणि बाकीची मंडळी. ताईंनी सगळ्यांना खाली बसायची खूण केली आणि स्वतःही बसल्या.

मास्तरांनी बूट काढले, विजारीचे पाय दुमडले आणि बायकोला गाठलं. वाळू थंडगार होती.

“किती लांब असेल हो?” तिने विचारलं.

या गावापर्यंतचा प्रत्येक थांबा आणि प्रत्येक मैल ज्यांना झोपेतही सांगता यायचा, ते मास्तर क्षणभर थांबले. त्यांनी तिचा हात आपल्या हातात नीट धरला.

“काय माहीत,” ते म्हणाले. “इथून पुढे मी कधी आलेलो नाही.”