जुनं खोड, आतून हिरवट

माणूस असो की झाड, एकदा बघितलं की मी ओळखतोच! माझं चष्म्याचं दुकान आहे; नजर हाच आमचा धंदा. तरीही परसातल्या एका रानटी झाडाने माझी फजिती केली.

आम्ही नव्या घरात आलो तेव्हा थंडी पडली होती आणि कुंपणाशी आपणहून उगवलेलं ते झाड झिजलेल्या खराट्यासारखं उभं होतं. पान म्हणून एक नाही! त्याच्या बुंध्याला टेकून दुपारच्या उन्हात जी डुलकी लागते, तिला तोड नाही. पण बायकोचे वाळत घातलेले कपडे फांद्यांत अडकून फाटायचे.

"मेलंय ते. उद्या माणूस बोलावून तोडून टाकते."

"मेलेलं नाही गं, झोपलंय! संध्याकाळपर्यंत नाव सांगतो. चांगल्या जातीचं निघालं तर ठेवायचं!"

समोर सासरे बसले होते. आठवडाभरासाठी आलेले. दुकानदारांची वजनं तपासण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे जावयाचा शब्दही तोलून घेतात.

"सांगाच, जावईबापू. नाही सांगितलंत तर कुऱ्हाड!"

पानांशिवाय झाड ओळखायचं कसं? साल चाटली. कडू! फांदी हुंगली. शिंका! शेवटी ताईला फोन लावला. माझी ही थोरली बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण तिला कमी ऐकू येतं. परसात उभा राहून मी ओरडू लागलो.

"ताई, जुनं खोड आहे गं! पार वाळलेलं दिसतं!"

"नखाने खरवडून बघ!"

"बघितलं! आतून अजून हिरवट आहे!"

"वास?"

"उग्र! सकाळी तर जास्तच!"

"बायको काय म्हणते तुझी?"

"ती म्हणते, उद्या निकाल लावू! मी म्हटलं, राहू दे बिचारं, खायला थोडंच मागतंय!"

मागे काहीतरी आपटलं. दारात सासरे उभे होते. एका गालाला साबण, दाढीचा ब्रश जमिनीवर.

"जुनं खोड? हिरवट? मी?"

कालच त्यांनी शेजारच्या मावशींच्या गाण्याला खिडकीतून "वाहवा" म्हटलं होतं. शब्द नेमका तिथे झोंबला.

"बाबा, तुम्ही नाही हो, झाड!"

"आणि पोटची मुलगी निकाल लावणार!" म्हणत ते आत गेले आणि बॅग भरू लागले.

बायको धावत आली. "अहो, काय बोललात बाबांना?"

"झाडाला हिरवट म्हटलं!"

"झाडाला कुणी हिरवट म्हणतं का?"

"अगं, मग कुणाला म्हणायचं?"

शेवटी मी सासऱ्यांना बॅगेसकट ओढत झाडापाशी नेलं. "घ्या, स्वतःच खरवडा!"

त्यांनी नख लावलं. सालीखाली हिरवंगार! बोट हुंगलं, नाक मुरडलं, आणि चेहरा सैल पडला.

"खरंच की! बरं, नाव काय याचं?"

"ते... नाही कळलं." मला कुऱ्हाड दिसू लागली.

पण सासरे बुंध्यावर हात ठेवून मुलीकडे वळले. "खबरदार याला हात लावलास तर! वरून वाळलेलं दिसलं म्हणून लगेच तोडायचं?"

झाड वाचलं! आनंदाने मी त्यांच्या पायाच पडणार होतो. तेवढ्यात त्यांनी बॅग उचलली आणि पुन्हा घरात नेऊन ठेवली.

"पालवी फुटली की तुम्ही नाव सांगालच. ते ऐकल्याशिवाय मी काही हलत नाही!"

यंदाची थंडीही हलायला तयार नाही. बुंध्याशी दुपारी सासरे घोरतात आणि मी सकाळ-संध्याकाळ मान वर करून फांद्या तपासतो. परवा शेंड्यावर काहीतरी हिरवं हललं. "बाबा, पालवी!" ओरडत अनवाणी धावलो.

पोपट होता! म्हणजे झाडावर एक, आणि झाडाखाली एक.