चाचांचा पहिला शब्द

शेजारचे शब्बीरचाचा गेल्या आठ महिन्यांपासून इंग्रजी शिकताहेत आणि त्यांचा अजून पहिलाच शब्द चालू आहे. तो शब्द म्हणजे 'रन'.

चूक माझी. आर्णीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त मास्तरला गप्प बसवत नाही. या एवढ्याशा शब्दाला मोजता येणार नाहीत इतके अर्थ आहेत, असं मी सहज बोलून गेलो. चाचा मोटारसायकलचे मिस्त्री. कार्बोरेटर उघडून त्याचा एकेक भाग त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडला होता. मान वर न करता म्हणाले, "मंग हाच खोलतो. पुरा खोलल्याबिगर जोडाचा नाही." आणि जे उघडलं ते दुकान बंद व्हायच्या आत जोडायचं, हा त्यांचा दंडक.

तेव्हापासून नटबोल्टच्या ट्रेमध्ये चिठ्ठ्या साठू लागल्या. माणूस पळतो, इंजिन चालतं, नाक वाहतं, नव्या ओढणीचा रंग जातो, कोणी निवडणुकीला उभं राहतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी आधी चिठ्ठी ऐकायची, मग गाडी मिळायची.

एकदा मी वैतागलो. "चाचा, दुसरेही शब्द आहेत ना! याच्याच मागं कायले लागले?"

चाचांनी पाना पुसून ठेवला. "नात येऊन राह्यली सर, कॅनडाहून. सात वर्षांची झाली. तिले इंग्रजीच येते. फोनवर ते बोलते अन् मी मान हालवतो. आता चार दिवस काय नुसती मान हालवू?"

आलिझा आली. पहिला दिवस ती आईच्या ओढणीआडून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी दुकानात वर्तमानपत्र पसरलं, चिठ्ठ्या मांडल्या, एक उचलली आणि जोरात नाक ओढून ऑइलने माखलेल्या बाहीला पुसलं. "रन!"

पोरगी खदखदून हसली. मग ती नक्कल करायची आणि चाचा ओळखायचे. नवीन काही निघालं की लगेच नवी चिठ्ठी. चौथ्या दिवशी तर दुखऱ्या गुडघ्यांनी चाचा तिच्यामागे दुकानाभोवती पळत होते.

ती गेल्याला आठवडा झाला. काल पाहिलं तर वर्तमानपत्र तसंच पसरलेलं, प्रत्येक चिठ्ठीवर एकेक नट ठेवलेला.

"चाचा, हे जोडलं नाही?"

"राहू द्या सर. पोरगी येईन तं इचारन, कोठवर आलतो आपण."

माझ्या ओठावर 'रन'चा आणखी एक अर्थ आला होता. मी तो आलिझासाठी ठेवून दिला.